आधी आपली वही उघडा!

गावच्या चावडीवर पंच म्हणून बसणाऱ्याच्या नावावर गावाची बाकी असता कामा नये, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. बाकी असेल तर आधी ती मान्य करावी, मग इतरांचा न्याय करायला बसावे. शेतकऱ्याला, दुकानदाराला, अगदी भाऊबंदकीच्या वाटपाला लागू असणारा हा नियम जगातील मोठमोठ्या धर्मपीठांना मात्र लागू नसावा, असे दिसते. परधर्माच्या दोषांवर प्रवचन देताना त्यांचा स्वर अत्यंत खणखणीत असतो. स्वतःच्या पीठाच्या इतिहासाचे पान उघडले की तोच स्वर एकाएकी बारीक होतो.

२००६ हे वर्ष या दुटप्पीपणाचा उत्तम नमुना म्हणून पाहता येईल. त्या वर्षीच्या मे महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी भारताच्या नव्या राजदूतांचे स्वागत करताना भारतातील धार्मिक असहिष्णुतेविषयी चिंता व्यक्त केली आणि धर्मांतरावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांच्या प्रयत्नांना निंद्य ठरवले. चारच महिन्यांनी, १२ सप्टेंबर रोजी, जर्मनीतील रेगेन्सबर्ग विद्यापीठात भाषण करताना त्यांनी मॅन्युएल दुसरा या बायझंटाइन सम्राटाचे इस्लाम आणि तलवार यांविषयीचे मत उद्धृत केले. जगभर गदारोळ उठला. ते मत आपले स्वतःचे नव्हे, असा खुलासा पोपना करावा लागला. पुढच्याच महिन्यात ३८ मुस्लिम विद्वानांनी खुले पत्र लिहून धर्मात सक्तीला स्थान नाही, हे इस्लामचे वचन असल्याची आठवण त्यांना करून दिली.

यातील विलक्षण गोष्ट पाहा. ज्या सम्राटाच्या तोंडून पोप इस्लामला तलवारीचा जाब विचारत होते, त्याच्या कॉन्स्टँटिनोपल राजधानीची भीषण लूट त्याच्या जन्मापूर्वी १२०४ साली केली होती ती ख्रिस्ती क्रूसेडर सैन्याने! आणि सक्तीला स्थान नाही असे सांगणाऱ्या पत्राला, सक्ती जेथे जेथे झाली तेथील इतिहासाचे काय, हा प्रश्न उरतोच. दोन्ही बाजू एकमेकांना आरसा दाखवत होत्या. आपल्याकडे वळवलेला आरसा मात्र कोणालाच नको होता.

चौकची साक्ष

हा वाद दूर युरोपातला, कर्जत-खालापूरच्या वाचकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

खालापूर तालुक्यातील चौक हे सरसेनापती नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. शिवछत्रपती आग्र्याहून निसटल्यानंतर, १६६६ च्या अखेरीस, औरंगजेबाच्या आज्ञेने नेताजींना कैद झाली. १६६७ साली त्यांना मुसलमान करण्यात आले, महंमद कुलीखान हे नाव देण्यात आले आणि काबूलकडील मोहिमेवर धाडण्यात आले. सुमारे नऊ वर्षांनी ते परतले, आणि जून १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना शुद्ध करून स्वधर्मात घेतले. तेव्हा धर्मात सक्ती नसते, हे वचन चौकच्या माणसाला कोणी सुनवू नये. वचन असेल, औरंगजेबाच्या दरबारात ते पाळले गेले नाही, एवढे तरी स्पष्ट शब्दांत मान्य करावे.

परंतु येथेच एक विवेक बाळगला पाहिजे. औरंगजेबाचा जाब खोपोलीच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्या मुसलमान शेजाऱ्याला विचारायचा नसतो. त्याचा त्या पापाशी काडीचा संबंध नाही. जाब विचारायचा तो धर्माच्या नावाने व्यासपीठावरून निवाडे देणाऱ्यांना. पूर्वजांचे कर्म वारसाने येत नाही. परंतु पीठाचा अधिकार जो वारसाने घेतो, त्याने त्या पीठाची बाकीही वारसाने घ्यावी लागते. या संपूर्ण लेखाचा गाभा एवढाच आहे.

गोव्याची वही

आता हाच नियम चर्चच्या पीठाला लावून पाहू. फ्रान्सिस झेवियर यांनी १६ मे १५४६ रोजी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन करण्याची मागणी केली. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रत्यक्षात आले आणि १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर थेट १८१२ पर्यंत चालले. उपलब्ध नोंदींवरून अभ्यासकांनी पहिल्या दोनशेहून अधिक वर्षांतील सोळा हजारांवर खटल्यांची मोजदाद केली आहे. न्यायालय बंद झाल्यावर त्याचे बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले. म्हणजे वहीच जाळून टाकली!

तरीही सत्य पुरते जळले नाही. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य स्वतः ख्रिस्ती होता. १६७३ साली त्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कोठडीत डांबण्यात आले. सुटल्यावर त्याने लिहिलेला वृत्तांत १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोप हादरला. आपल्याकडे अ. का. प्रियोळकर या व्यासंगी मराठी पंडिताने १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहून कागदपत्रांसह हा इतिहास जगापुढे ठेवला.

बचाव ठरलेला असतो. इन्क्विझिशन म्हणे केवळ ख्रिस्ती झालेल्यांवर चालत असे. हिंदूंशी त्याचा संबंध नव्हता. मग प्रश्न असा, की ते ख्रिस्ती झाले कसे? १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना बाप्तिस्म्यासाठी ताब्यात घेण्याची सोय केली, ती कोणत्या प्रेमधर्मात बसते? साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली, ती कोणी? कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, ती काय तीर्थयात्रेला? आज मुंबई-पुण्याहून कुलदैवताच्या दर्शनास जाणारे प्रत्येक गोमंतकीय कुटुंब त्या पलायनाचा जिवंत पुरावा आहे. १६८४ च्या फर्मानाने कोकणी भाषेवर घाला घातला, आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने दारची तुळस आणि लग्नातील चालीरीतीही गुन्ह्याच्या यादीत बसवल्या. हा सगळा कारभार एकट्या राजसत्तेचा होता, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. पोर्तुगीज राजा आणि चर्च हे त्या काळी एकाच गाड्याचे दोन बैल होते.

माफीच्या यादीत गोवा का नाही?

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की चर्चने क्षमायाचना केलीच नाही असे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये चर्चच्या पुत्रांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. १२०४ च्या लुटीबद्दल २००१ मध्ये अथेन्सला जाऊन त्यांनी खेद व्यक्त केला. इन्क्विझिशनविषयी २००४ मध्ये पुन्हा क्षमेचे शब्द काढले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये बोलिव्हियात आणि २०२२ मध्ये कॅनडात तेथील मूलनिवासींची माफी मागितली. हे धैर्य मान्य करायलाच हवे.

मग या यादीत गोव्याचे नाव का नसावे? जॉन पॉल दुसरे नोव्हेंबर १९९९ मध्ये स्वतः दिल्लीत होते. गोव्याबद्दल क्षमा मागावी ही मागणी त्या वेळी जाहीरपणे झाली होती. उत्तरादाखल मिळाले ते ६ नोव्हेंबरचे धर्मपत्र आणि तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक कापण्याची आकांक्षा! ज्या शेतात अडीचशे वर्षे काटे पेरले, तेथे पीक कापायला येणाऱ्याने निदान काट्यांचा उल्लेख तरी करावा की नाही? ज्यांचा आवाज पाश्चात्त्य वृत्तपत्रांत पोहोचतो त्यांची माफी मागायची आणि ज्यांचा पोहोचत नाही त्यांना असहिष्णुतेचे पाठ द्यायचे, याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. याला हिशेबीपणा म्हणतात.

घंटेवरचा आकडा

कर्जत तालुक्यातील खांडसहून शिडीघाटाने किंवा गणेशघाटाने चढून गेलेल्या यात्रेकरूने भीमाशंकरची ती पोर्तुगीज घंटा पाहिलेली असते. तिच्यावर १७२९ हे साल आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतून ती आली, अशी परंपरा सांगते. ती युद्धातील लूट आहे, हे आपण लपवत नाही. त्यावरचा आकडा कोणी कानशीने घासून काढला नाही. मे १७३९ मध्ये वसई पडली तेव्हा शरण आलेल्या पोर्तुगिजांना तहानुसार सन्मानाने जाऊ देण्यात आले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेला आपला धर्म पाळता आला. वसईचे ख्रिस्ती बांधव आजही मराठी बोलतात, मराठीत लिहितात, हेच त्याचे प्रमाण. विजयानंतर मराठ्यांनी वसईत धर्मन्यायालय उभारले नाही.

आपली बाकी

मात्र दुसऱ्याची वही मागणाऱ्याने आपली दडवून ठेवली तर तोही त्याच पंगतीत बसतो. याच रायगड जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा आमच्यातीलच काहींनी सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या आणि मागाहून पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. हे आमच्या वहीतील काळे पान आहे. अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, या आशयाचे उद्गार बाळासाहेब देवरस यांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत काढले, ते ही बाकी मान्य करण्यासाठीच. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन बालकांना जाळण्यात आले. त्या कृत्याचे समर्थन करणारा हिंदू धर्माचा शत्रू समजावा.

आणि इर्शाळवाडी? १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळगडाचा कडा ठाकरांच्या त्या वस्तीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. बचावपथकांना पावसात पायी डोंगर चढावा लागला, कारण वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब आणि त्याच्याबरोबर शाळा सोडणारी त्याची मुले, हेही आमच्याच खात्यावरचे येणे आहे. वनवासी बांधव आपले, असे म्हणणाऱ्यांनी तेथवर नियमाने पोहोचले पाहिजे. तसे न पोहोचता केवळ इतरांच्या नावाने बोटे मोडणे हा पुरुषार्थ नव्हे.

तेव्हा कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्याने काय करावे? रायगडच्याच मातीत जन्मलेल्या विष्णुबावा ब्रह्मचारींचे उदाहरण घ्यावे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, तेही परकीय राज्यात, केवळ शब्दांच्या बळावर. वाडीवर कोणी येऊन तुमचे देव दगडाचे आणि तुमचा धर्म पापाचा असे सांगू लागला, तर त्याच्यावर हात उगारू नये. त्याला बसवून घ्यावे, पाणी द्यावे आणि शांतपणे विचारावे: आमच्या मंगेशाला कुशस्थळी का सोडावी लागली, ते आपल्या पीठाकडून एकदा लेखी आणता का? प्रश्न विचारण्यासाठी अभ्यास लागतो. प्रियोळकर वाचावे लागतात, महाडही वाचावे लागते.

गोव्याचा सूड कोणालाही नको आहे. नुकसानभरपाईही नको. हवे आहे ते एक वाक्य: गोव्यात जे झाले ते पाप होते, आणि ते आमच्या पीठाच्या नावाने झाले. हे वाक्य ज्या दिवशी रोमहून येईल, त्या दिवशी हिंदू समाजाने चर्चची टीकाही आदराने ऐकावी. तोवर चावडीवर बसण्यापूर्वी त्यांनी आधी आपली वही उघडावी.