स्वमग्नता, संप्रेरके आणि सुनेच्या माथी येणारा दोष

या सदरात थायरॉइडविषयी काही लिहिले की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा आजी किंवा आजोबा असतात. नातवाला अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे सांगितलेले असते. प्रश्न असा, की सुनेला गरोदरपणी थायरॉइडची गोळी चालू होती, लग्नाआधी पीसीओएसचाही त्रास होता. त्यामुळेच असे झाले का? त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. लेकराच्या सर्व हॉर्मोन्सच्या तपासण्या करून घ्याव्यात का, आणि जे कमी-जास्त निघेल ते औषधाने सरळ केले तर लेकरू बरे होईल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणत्याही एका मुलाबाबत तसे म्हणता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर जवळजवळ ‘नाही’ असेच आहे. या ‘जवळजवळ’मध्ये एक मोलाचा अपवाद दडला आहे, तो पुढे येईल.

संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका ग्रंथीने रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला धाडलेला निरोप. पहिले संप्रेरक १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांना सापडले. त्याचे नाव सिक्रेटिन. ते आतड्यात तयार होते आणि स्वादुपिंडाला पाचक रस सोडण्याचा निरोप देते. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनीच १९०५ मध्ये रूढ केला. योगायोग असा, की स्वमग्नतेवरचा इलाज म्हणून जगभर गाजलेले संप्रेरकही हे सिक्रेटिनच. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. पोटाच्या तपासणीसाठी सिक्रेटिन दिल्यावर त्यांचे बोलणे आणि नजरेला नजर देणे सुधारल्याचे त्यात म्हटले होते. पालकांची रांग लागली, औषधाचा तुटवडा झाला. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर रीतसर चाचणी घेण्यात आली. काहींना सिक्रेटिन, तर काहींना केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले, आणि कोणाला काय दिले हे पालकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत काहीही फरक दिसला नाही. मला यातली पुढची गोष्ट अधिक लक्षात राहिली आहे. हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस असल्याचे सांगितले. आशा अशी असते, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र त्या आशेवर दुकान मांडणाऱ्यांना ती पुरेपूर ठाऊक असते.

संप्रेरके आणि स्वमग्नता यांचा काही संबंध आहे, हे मात्र खोटे नाही. स्वमग्नतेचे निदान मुलींच्या तिप्पट-चौपट मुलग्यांत होते. हे पाहून केंब्रिज विद्यापीठाचे सायमन बॅरन-कोहेन यांनी गर्भावस्थेतील टेस्टोस्टेरॉनकडे लक्ष वेधले. डेन्मार्कमध्ये गरोदर स्त्रियांच्या गर्भजलाचे जुने नमुने गोठवून जपलेले आहेत. पुढे स्वमग्न ठरलेल्या १२८ मुलग्यांचे आणि इतर २१७ मुलग्यांचे नमुने त्यांच्या गटाने ताडून पाहिले, तेव्हा पहिल्या गटात टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल अशी काही संप्रेरके सरासरीने अधिक आढळली. २०१९ मध्ये त्याच संशोधकांना इस्ट्रोजेन वर्गातील संप्रेरकेही अधिक आढळली, आणि त्यांचा संबंध टेस्टोस्टेरॉनपेक्षाही ठळक होता. त्यामुळे ‘पुरुषी संप्रेरक वाढले की स्वमग्नता होते’ हे सुटसुटीत सूत्र संशोधकांच्या हातूनच सैल झाले.

यातला ‘सरासरी’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण सारा गोंधळ तिथेच होतो. अकोल्यातल्या हजार पुरुषांची आणि हजार स्त्रियांची उंची मोजली, तर पुरुषांची सरासरी नक्कीच जास्त भरेल. पण पडद्याआडची एक व्यक्ती पाच फूट चार इंच उंच आहे एवढेच सांगितले, तर तो पुरुष की स्त्री हे कोणाला ओळखता येईल? गर्भजलातील संप्रेरकांचे तसेच आहे. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मोठ्या प्रमाणात मिसळलेले आहेत. शिवाय ती मोजणी गर्भजलातली होती. चार वर्षांच्या नातवाच्या दंडातून काढलेल्या रक्तात त्या दिवसांचा मागमूसही उरत नाही. म्हणूनच स्वमग्नतेचे निदान करणारी संप्रेरकांची कोणतीही चाचणी आज जगात नाही. निदान होते ते मुलाकडे बारकाईने पाहून, त्याच्याशी खेळून आणि घरच्यांना विचारून. काही हजार रुपयांच्या ‘हॉर्मोन पॅनल’ची पावती घेऊन कोणी आले, तर त्या पैशात वाचा-उपचाराच्या किती बैठका झाल्या असत्या, हाच हिशेब माझ्या मनात येतो.

आता सुनेविषयी. रॉटरडॅममधील सुमारे चार हजार मातांच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीला थायरॉइडचे संप्रेरक फारच कमी असलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेसारखी लक्षणे सहाव्या वर्षी अधिक आढळली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून काही सूचित होत असेलच, तर काळजीचे कारण संप्रेरकाची कमतरता हे आहे. ती कमतरता भरून काढणाऱ्या गोळीवर त्यात ठपका नाही. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर, आणि त्यानंतरही बरेच आठवडे, बाळाच्या मेंदूला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. तेव्हा सकाळी उपाशीपोटी नेमाने गोळी घेणारी सून बाळाची काळजीच घेत होती.

पीसीओएसविषयी स्वीडनमधील एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. अशा मातांच्या मुलांत स्वमग्नतेची शक्यता ५९ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात दिसले. आकडा वाचून छातीत धस्स होते खरे, पण जरा हिशेब करू. समजा, एरवी शंभरात एका मुलाला स्वमग्नता असते. मग पीसीओएस असलेल्या शंभर मातांमागे ते प्रमाण दीडच्या आसपास जाईल. उरलेली अठ्ठ्याण्णवांहून अधिक मुले स्वमग्न नसतील. आपल्या घरचे लेकरू त्या दीडमध्ये मोडले ते आईच्या पीसीओएसमुळेच, असे सिद्ध करण्याचा मार्ग कोणाजवळही नाही.

आईला दोषी धरण्याची ही तऱ्हा जुनीच आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात स्थान दिले. त्यानंतर जवळपास दोन दशके पाश्चात्त्य डॉक्टर ‘आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते’ असे सांगत राहिले. असंख्य आयांनी ते निमूटपणे सोसले. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून त्या समजाला मोठा धक्का दिला. आता वागण्याच्या जागी संप्रेरके आली, पण बोट आईकडेच आहे. याउलट पाच देशांतील वीस लाखांवर मुलांच्या माहितीवरून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की स्वमग्नतेच्या संभाव्यतेतील सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असतो. आनुवंशिकता दोन्ही घराण्यांकडून येते, आणि ती कोणी निवडून आणत नाही.

आता तो अपवाद. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. आपल्या देशात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक असे बाळ जन्मते. ही स्वमग्नता नव्हे, पण वेळेवर कळले नाही तर बुद्धीची आणि वाढीची कायमची हानी होते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर ही तपासणी होते. दोष आढळला आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल इतरांसारखेच वाढू शकते. अमरावतीच्या डफरीनमध्ये असो वा गावाकडच्या छोट्या दवाखान्यात, बाळंतिणीला घरी नेण्यापूर्वी ‘बाळाची टीएसएच झाली का?’ एवढे आजीने विचारावे. मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावरही वाढ मंद असेल, तर डॉक्टर स्वतःच थायरॉइड पाहतात. त्याचबरोबर श्रवणचाचणी अवश्य करावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.

मिठाविषयी थोडे विषयांतर करतो. आरोग्याच्या नावाखाली घरात बारा महिने सैंधव वापरण्याची टूम निघाली आहे. एकादशीला ते जरूर वापरावे. पण त्यात आयोडीन नगण्य असते, आणि गरोदर स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. तिच्या ताटात आयोडीनयुक्त मीठच हवे.

उपचारांकडे वळू. ऑक्सिटोसिन आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. प्रसूतीच्या कळांसाठी ते देतात, आणि म्हशीला पान्हा सुटावा म्हणून त्याचा होणारा गैरवापरही वाचकांनी ऐकला असेल. आई आणि बाळाच्या ओढीशी त्याचा संबंध असल्याने ते नाकात फवारले तर स्वमग्न मुले माणसांत मिसळतील, अशी मोठी आशा होती. २०२१ मध्ये २९० मुलांवरील चोवीस आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला. खऱ्या फवाऱ्याचा आणि औषधविरहित फवाऱ्याचा परिणाम सारखाच होता.

याहून गंभीर प्रकार ल्युप्रोलाइडचा. वाचकांपैकी काहींनी प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हे इंजेक्शन घेतले असेल. अंगातून वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे परिणाम त्यांना सांगायला नकोत. टेस्टोस्टेरॉन दडपले की स्वमग्नता ओसरेल, असा दावा करून अमेरिकेतील एका डॉक्टरांनी हे औषध स्वमग्न मुलांना दिले. मेरिलँड राज्याने २०११ मध्ये त्यांचा परवाना स्थगित केला आणि पुढच्या वर्षी रद्द केला. झोप लागत नसलेल्या काही मुलांना मेलाटोनिनचा उपयोग होतो, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि केवळ झोपेपुरता. संप्रेरकांच्या उपचारांचा जमाखर्च एवढाच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, वेळ दवडू नये. ‘बोलीन ना लेकरू, काहून घाई करता? याचा बापबी उशिराच बोलला,’ हे वाक्य वऱ्हाडातल्या कोणत्या घरात उच्चारले जात नाही? त्यामागची माया खरी आहे. पण वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने चांदोमामा दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर वाट पाहणे योग्य नाही. दिवसभर मुलाजवळ असलेल्या आजीला हे नोकरीवर जाणाऱ्या आईबापांच्या आधी दिसते.

दुसरी गोष्ट मला अधिक दिलासा देणारी वाटते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या घरी एक प्रयोग करण्यात आला. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जात. आईवडील मुलाशी खेळतानाचे चित्रीकरण त्यांनाच दाखवून, मूल काय सुचवते आहे आणि त्याला कसा प्रतिसाद द्यावा, हे ते शिकवत. सहा महिन्यांत अशा बारा बैठका होत्या. स्वमग्नता नाहीशी झाली नाही. पण पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. आजोबांनाही हे जमण्यासारखे आहे. नातू गाडीचे चाकच फिरवत बसला असेल, तर गाडी हिसकावून ‘अशी चालव’ म्हणू नये. शेजारी बसून आपणही चाक फिरवावे, ‘गरगर’ म्हणावे आणि थांबावे. तो आपल्याकडे पाहील त्या क्षणाची वाट पाहावी. यासाठी लागणारा निवांत वेळ घरात बहुधा आजी-आजोबांपाशीच असतो.

संप्रेरकांचा खरा प्रभाव घरात जाणवतो तो पुढे, वयात येताना. स्वमग्न मुलीला पाळी येण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधीपासून चित्रांच्या साहाय्याने आणि पॅड लावण्याच्या सरावाने तयार करावे, कारण अचानक दिसलेले रक्त तिला फार घाबरवते. मुलग्याला खासगी जागा म्हणजे काय, हे साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावे. याच वयात काहींना फिट येऊ लागतात. एकाएकी बदललेल्या वागण्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड निघाले की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळू शकते. तपासणीसाठी अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. जाताना रक्ताच्या अहवालांची जाड फाइल नेली नाही तरी चालेल. मूल घरात खेळत असताना, जेवताना आणि हाक मारल्यावर कसे वागते, याचे दोन-तीन मिनिटांचे मोबाइलवरील चित्रीकरण न्यावे. पहिले हसू, पहिला शब्द, पहिले पाऊल कोणत्या महिन्यात, हे आजीने आठवून कागदावर लिहून द्यावे.