स्वल्पविरामाचे मोल

'दॅट दॅट इज इज' हे इंग्रजी वाक्य आम्ही वर्गात फळ्यावर लिहीत असू. तिसऱ्या शब्दापुढे स्वल्पविराम देताच कोडे सुटे: 'जे आहे, ते आहेच!' मोडीत अशी चिन्हे नव्हती. मेजर कँडी यांच्या १८५० सालच्या 'विरामचिन्हांची परिभाषा' या पुस्तकापासून ती मराठीत रूढ होत गेली. ती हाती असूनही आमच्या भगिनीने तुळजापुराहून घाईत चिठी धाडली, 'आई बरी नाही चिंता.' धाराशिवास आम्ही वाचले, 'आई बरी, नाही चिंता,' आणि स्वस्थ राहिलो. तिला म्हणावयाचे होते, 'आई बरी नाही, चिंता.' आम्ही पोहोचलो तेव्हा मातोश्रींनी डोळे मिटले होते. वाचकहो, पत्राची घडी घालण्यापूर्वी ते एकवार परक्याच्या दृष्टीने वाचीत जावे.