अंगणातली विष्णुक्रांता

आपल्या लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांपुढे हल्ली कातरलेल्या हिरवळीचे तुकडे दिसू लागले आहेत. डोळ्यांना ते बरे वाटतात, हे खरे. परंतु राजवाड्याच्या बागेला माळ्यांची फौज होती. ती हौस आपल्या अंगणाला परवडते का?

हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर धरले, तरी १०० चौरस फुटांना सुमारे ४५ लिटर, म्हणजे तीन बादल्या लागतात. आणि पाणी कुठले, तर तिघऱ्याचे. सांक नदीवरचे ते धरण १९१७ साली फुटले, पुन्हा उभारावे लागले, आणि आजही शहर त्याच्याकडे डोळे लावून असते. ते पाणी गवतावर ओतणे मला तरी पटत नाही.

त्याऐवजी विष्णुक्रांता लावावी. ही आपल्याच माळरानावरची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. पानांवर रेशमी, रुपेरी लव असते. ती ऊन परतवते आणि पानातला ओलावा लवकर उडू देत नाही. सकाळी चिमुकली निळी फुले उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. केरळात हिला दशपुष्पांत मान आहे.

हिला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी रेताड जमीन हवी. पावसाच्या तोंडावर बी पेरावे, खताचा मारा करू नये. माळावरची झाडे मात्र उपटून आणू नयेत. रोपवाटिकेत हिचे मोठ्या फुलांचे दक्षिण अमेरिकी भावंडही मिळते. तेव्हा पारखून घ्यावे.

कोणी म्हणेल, ही पायदळी टिकत नाही आणि कडक उन्हाळ्यात वाळते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. चालण्यापुरती फरशी ठेवावी. वरचा भाग वाळला, तरी खालचे चिवट मूळ तग धरते आणि पावसानंतर पुन्हा फुटते. आलापात गवई विसावला, म्हणून गाणे संपले असे आम्ही शिकवणारे शिष्याला सांगत नाही. महिनाभर करडे दिसण्याचा हक्क अंगणालाही असावा.

येत्या मृगाला निदान एक कोपरा तरी हिला द्यावा.