शोध, मोत्या, शोध!

एकलव्याची गोष्ट शिकवताना इतकी वर्षे मी धनुर्धराकडेच पाहत आलो. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण गेले, एवढे सांगायचे आणि द्रोणाचार्यांच्या गुरुदक्षिणेकडे वळायचे. त्या बिचाऱ्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे ना मी कधी विचारले, ना मुलांनी. यंदा मात्र आमच्याच घरी कुत्र्याची आणि बाणाची गाठ पडली.

२०२३ साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले, तेव्हापासून कन्येने धनुष्याचा हट्ट धरला. वर्ध्याबाहेर सेवाग्रामच्या वाटेवर मेहुण्याचे पडीक रान आहे. तिथे पन्नास मीटरांवर निशाण, मागे मातीचा बांध, आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचे सोयाबीन. चुकलेला बाण उभा रुतून आपली वाट पाहील, ही माझी भाबडी समजूत. तो सापासारखा गवताखाली आडवा शिरतो!

तेव्हा मोत्याला शाळेत घातले. हा गावठी कुत्रा आमच्या घरी नुसता भाकरीचा धनी होता. लाल पिसे हिरव्या गवतात आपल्याला उठून दिसतात; कुत्र्याला तांबडे-हिरवे वेगळे कळत नाही. त्याचा सारा भरवसा नाकावर. म्हणून लवंगांची पुरचुंडी भात्यात बाणांबरोबर ठेवू लागलो. आधी अंगणात डोळ्यांदेखत बाण ठेवायचा, मग तुळशीमागे, मग गवतात. ‘शोध!’ म्हणायचे आणि सापडला की भाकरीचा तुकडा. मात्र बाण तोंडात धरायचा नाही! कार्बनची काडी मोडली की तिच्या कुसळांसारख्या चिरफळ्या निघतात. बाणाशी बसायचे, एवढाच धडा. तो शिकवायला पुरता महिना गेला. (माझे विद्यार्थी याहून लवकर बसतात, शिकतात की नाही, ते निराळे.)

दसऱ्याआधी तीन बाण बांधावरून गेले. शेजारी दारात आले.

“सर, उद्या सोंगणी आहे. वावरात तुमचे बाण, त बाया कशा धाडू मी?”

मला उत्तर सुचेना. पहाटे दव असतानाच मोत्याला घेऊन निघालो. उन्हाने जमीन तापली की वास टिकत नाही, म्हणून ही घाई. वारा समोरून घेतला. दोन बाण पाऊण तासात मिळाले. तिसऱ्यासाठी मोत्या धुऱ्याजवळ जाऊन बसला. मी पाहिले, काही नाही. त्याला ओढून पुढे नेले. तो परत तिथेच! मी रागावलो, दोरी हिसकली. बांधावर बाया विळे घेऊन उभ्या होत्या, आणि मला भाकरीसाठी लबाडी करणारे बरेच जण भेटलेले आहेत.

“बाबा, त्याला ओरडू नका,” म्हणत कन्या गुडघ्यांवर बसली. तिने हरळीच्या मुळांत काठी हलकेच घातली. बाण होता, बोटभर मातीखाली, टोक वावराकडे.

मी खिशातली उरलेली सगळी भाकरी मोत्यापुढे ठेवली. बांध दुसऱ्याच दिवशी कमरेइतका चढवून घेतला.

दसऱ्याला हिने मसालेभात टाकला. फोडणीत लवंगा पडल्या मात्र, मोत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन ताठ बसला. ही म्हणाली, “याला उठवा हो!” मी उठवले नाही.