मांडव घालणारा माणूस

सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री रमणबागेत जागून काढलेली आमची पिढी. मांडीवर शाल, शेजारी थर्मास आणि पहाटे घरी परतताना कानात घुमणारी भैरवी. त्यामुळे लेकाने रॉकच्या जलशाची तिकिटे काढून आणली तेव्हा माझा पहिला प्रश्न, ‘‘एवढे पैसे?’’ आणि दुसरा, ‘‘एवढा आवाज कशाला?’’ तरीही गेलो. तीन तास उभे राहून पाय दुखले, पण डोळे मात्र गाणाऱ्यांवरून हटून सारखे मंचाच्या कडेला जात होते. हातात वायरलेस घेतलेली काही मुले तिथे धावपळ करीत होती. त्यांतल्या एकालाही गाणे ऐकायला सवड नव्हती.

हा मांडव घालणारा माणूस आपण कधी विचारातच घेत नाही. मुंबईत १९८६ पासून फरहाद वाडियांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ उभा केला आणि धोबी तलावाचे रंगभवन तरुणांनी भरू लागले. २००२ साली विजय नायर या विशीही न गाठलेल्या मुंबईकर मुलाने ‘ओन्ली मच लाउडर’ ही संस्था काढून वाद्यवृंदांचे व्यवस्थापन सुरू केले. त्याच संस्थेने डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेन्डर’ भरवला. एकाच मैदानावर अनेक मंच आणि सिनेमातली गाणी सोडून स्वतःची गाणी गाणारी मुले! हे इथे चालेल, यावर पैसे लावायला छाती लागते.

कारण या धंद्यात खर्च आधी आणि उत्पन्न नंतर. कलाकाराची आगाऊ रक्कम, मंच, ध्वनियंत्रणा, जनरेटर, पोलीस आणि अग्निशमन दलाचे परवाने, हे सारे पहिले तिकीट फाटण्यापूर्वीच. अवकाळी पाऊस आला की हिशेबाची वही भिजलीच. शिवाय सरकारी कागद! १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत मायकेल जॅक्सन नाचून गेला. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचा वाद कोर्टात गेला आणि करमाफीवर मंत्रिमंडळाने पुन्हा शिक्कामोर्तब केले ते २०२१ साली. तोवर जॅक्सनला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

पण नीट पाहिले तर पुण्याला ही जात नवीन नाही. १९५२ साली सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव उभा केला तो त्यांच्या शिष्याने, भीमसेन जोशींनी. आपण त्यांना स्वरभास्कर म्हणून ओळखतो. दरवर्षी कलाकार जमवणारा, मांडवाची काळजी वाहणारा आणि सर्वांचे झाल्यावर अखेरीस स्वतः गायला बसणारा आयोजक मात्र आपण विसरतो.

आयोजकांच्या चुकाही पोटात घालू नयेत. पिण्याचे पाणी, पुरेशी स्वच्छतागृहे, बाहेर पडायला रुंद वाटा या गोष्टी म्हणजे उपकार नव्हेत. तिकिटाच्या पैशातच त्या आल्या. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची झोप कोणत्याही गिटारपेक्षा मोलाचीच. त्या नियमापुढे आमची सवाईची रात्रही थांबली. आम्ही हळहळलो, पण बदललो.

मात्र नियम दाखवायचा तर जागाही दाखवायला हवी. रंगभवन शांतता क्षेत्रात आले आणि तिथले जलसे बंद पडले. त्या तोलाची दुसरी जागा मुलांना कोणी दिली नाही. पुण्यात वस्तीपासून दूर, पण बस पोचेल असे एक खुले नाट्यगृह या शहराला जड नाही. नाहीतर मुले गावाबाहेरच्या माळावर जातील आणि मध्यरात्री मोटारसायकलवरून परततील. आईबापांचा डोळा मग कसा लागायचा?

त्या रात्री दहाच्या ठोक्याला संगीत थांबले. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, पुढच्या वर्षी?’’ मी म्हटले, ‘‘येतो. पण त्याआधी डिसेंबरात तू माझ्याबरोबर सवाईला यायचेस.’’ सौदा पक्का झाला.