एकाच नावाचे दोन फोटो
कॅमेरा फोटोला देतो तो चार आकडी नंबर: ०००१ ते ९९९९, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बॅकअपमधून फोटो परत आणताना विंडोज मध्येच विचारतं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मी घाईत 'हो' म्हटलं आणि भाचीच्या बारशाच्या ०४१२ वर कोकणातल्या कुठल्याशा एसटी स्टँडचा ०४१२ येऊन बसला. (स्टँड झकास आलाय, तो भाग वेगळा.) अशी गेलेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. 'दोन्ही ठेवा' म्हटलं असतं, तर दुसरीच्या नावापुढे कंसात २ लागला असता, एवढंच. तेव्हा नाव सोडा, आकार आणि तारीख बघा. आणि बॅकअप आधी वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्येच उतरवा.