पाला जाळायचा आणि कोकोपीट मागवायचं

थंडी सरत आली की आमच्या सोसायटीत दोन कामं जोरात चालतात. मागच्या भिंतीशी सोनमोहराचा आणि देशी बदामाचा पाला गोळा करून पेटवला जातो, आणि पुढच्या फाटकातून कुरियरवाला कोकोपीटच्या विटा आणतो. धूर येतो म्हणून खिडक्या लावणारी घरं आणि विटा मागवणारी घरं बहुतेक तीच!

कोकोपीटशी माझं वैर नाही. ते हलकं असतं, पाणी धरतं, बी रुजवायला उत्तम. पण त्यात झाडाला पोसण्याजोगं फारसं काही नसतं. म्हणजे खतही विकतच आणा. नर्सरीची लाल माती तर उन्हाळ्यात अशी आवळते, की पाणी कुंडीच्या कडेकडेने थेट ताटलीत उतरतं आणि मुळं कोरडीच. मग जिन्यात विचारणा होते, "काकू, रोज पाणी घालते, तरी जास्वंद माना का टाकतेय?"

माझ्या गच्चीतल्या कुंड्या निम्म्याहून अधिक पाल्याच्या आहेत. भोकावर खापरी, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग चुरलेला पाला दाबून दाबून. मधेमधे मूठ-मूठ माती आणि भाजीची देठं-सालं. वरून आंबट ताकाचं पाणी. नुसता ओला कचरा कोंबला तर वास सुटतो, चिलटं होतात. सुका पाला भरपूर हवा, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्रापेक्षा कर्ब कितीतरी जास्त लागतो आणि तो पाल्यात असतो. सोनमोहराची बारीक पानं लवकर कुजतात, आंब्याचं पान चिवट. कुंडी खाली बसली की पुन्हा भरायची. कढीपत्ता, मिरची, मोगरा, सगळं यावर येतं. एप्रिल-मेमध्ये मातीवर दोन बोटं पाला पसरला तर पाणीही कमी लागतं. यात माझा शोध काही नाही, श्री. अ. दाभोलकरांनी कोल्हापुरात प्रयोग परिवारातून असली शेती केव्हाच शिकवली आहे.

त्रास आहेच. कधी हुमणी निघते, मुळं कुरतडते. कुंडी उपसून ती वेचावी लागते. पावसाळ्यात गोगलगायी. पण साप येतील ही कमिटीची भीती मला पटत नाही. साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात शिळ्या अन्नामागे. ते पाल्यात टाकू नका, झालं.

आणि जाळणं ही काही आपल्या मर्जीची बाब नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे. आमच्याकडे काडी लावतो झाडलोट करणारा माणूस, सांगतात दुसरेच.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत माझा ठराव आहे: पार्किंगच्या कोपऱ्यात जाळीचे दोन पिंजरे, पाला त्यातच, आणि तयार खत आधी झाडलोटवाल्याच्या घरच्या कुंड्यांना. अनुमोदक मिळाला आहे. जाळीचा खर्च कोणत्या खात्यातून, यावर खजिनदार अडून आहेत.